जाते नव्हे, येते

सकाळच्या चहाबरोबर नानांनी पाकीट फोडलं, चष्मा पुसून आतला कागद वाचला आणि कप बशीत ठेवून दिला.

"सूनबाई, हे माझं नाही."

"नाव बघा ना, नाना. तुमचंच आहे."

"नाव माझंच. शब्द दुसऱ्याचा."

डबा भरता भरता सूनबाई कागदावर वाकली. उन्हाच्या धक्क्यानं चालणारं, शीड लावलेलं यान आठवड्याभरात सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागणार होतं. अकरा हजार माणसांचे निरोप एका धातूच्या चकतीवर कोरून त्यातून जायचे होते, आणि ते तपासायचं काम सूनबाईच्या टेबलावर होतं. प्रत्येकाला चाळीस अक्षरं मोकळी. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेल्या नानांनी कापड वाचवावं तशी दोनच वापरली होती : येते. पाकिटातल्या प्रतीत छापून आलं होतं : जाते.

सासूबाईंना स्ट्रेचरवरून शस्त्रक्रियेला नेलं तेव्हा त्या मान वळवून "येते हं" म्हणाल्या होत्या. तेवढ्यात दार मिटलं. नानांच्या तोंडातलं 'ये' तोंडातच राहिलं, ते सहा वर्षं तिथंच होतं.

"ती गेली असं सगळे म्हणतात," नाना म्हणाले. "ती स्वतः तसं म्हणाली नव्हती."

चार दिवसांपूर्वी निरोप तपासणाऱ्या यंत्रानं 'अर्थाच्या चुका' म्हणून लांबलचक यादी पुढं केली होती आणि घरी जायच्या घाईत सूनबाईनं 'सर्व दुरुस्त्या मान्य' दाबलं होतं. आज चार वाजता चकती सीलबंद होणार होती.

डबा तसाच ठेवून ती निघाली. "येते, नाना."

"ये," नाना म्हणाले.

चकती कोरणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे सुईबाबा म्हणत. त्यानं चकती उजेडात धरली. "कोरून बसलोय, बाई. आता खोडरबर फिरवू?"

"दुसरी नाही का?"

"कोरी एक आहे. पण सहा तास लागतात, आणि साहेबांची सही."

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "यंत्राचं काय चुकलं? यान परत येणार नाही. मग 'येते' खोटं ठरतं. बाहेर कुणी वाचलंच तर आपण पहिल्याच भेटीत खोटारडे."

"साहेब, आज घरातून निघताना काय म्हणालात?"

"आईला? येतो म्हणालो."

"जातो का नाही म्हणालात?"

"जातो म्हटलं असतं तर तिनं दारातच बसवून ठेवलं असतं." साहेबांना आपलंच बोलणं ऐकू आलं. "तरी एका माणसासाठी नवी चकती..."

सूनबाईनं यादी पुढं सरकवली. "एक नाही, तीनशे बारा. येतो, येते, येऊ गं, येतोच बघ. सगळ्यांचं जातो करून टाकलंय मी, एका बोटानं. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. पहिल्या पानाच्या तळाशी, आईच्या नावापाशी, ते थांबलं. दहाला दहा कमी असताना त्यांनी सही केली. "सुईबाबांना सांगा, चहा चार वाजता."

चाराला पाच कमी असताना चकती पेटीत बसली. त्या दिवशीचा चहा सुईबाबा उभ्यानंच प्यायला.

शीड उघडायच्या दिवशी निरोप धाडणाऱ्या माणसांनी दालन भरून गेलं होतं. नाना इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. पडद्यावर सुटकेसएवढ्या पेटीतून चार बाहू निघाले आणि त्यांच्यामागून शीड उलगडू लागलं. केसाहून पातळ, आरशासारखं, मैदानाएवढं. एकही चुणी राहिली नाही.

"काठ दुमडून घेतलेत," नाना कौतुकानं म्हणाले. "फाटायचं नाही."

मनातल्या मनात नाम घेणाऱ्याचे ओठ हलले न हलले असे वाटतात, तसाच उन्हाचा धक्का असतो. तेवढाच, पण अखंड. आणि त्यानं जडातलं जड हलतं. पडद्यावरच्या वेगाच्या आकड्यातला शेवटचं शून्य थरथरलं, त्याचा एक झाला, मग दोन, मग दालन उभं राहिलं. टाळ्यांनी काचा वाजल्या. सुईबाबा रडतोय की हसतोय ते कळेना.

नाना सगळ्यांच्या नंतर उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरून त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि दारात उभ्यानं बोलावं तितक्याच आवाजात म्हणाले, "ये."

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांच्याही तोंडात काहीतरी अडलेलं असावं. "ये रे," त्या म्हणाल्या. मग मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, मग भिंतीकडून, मग ये, ये बरं, या हं करत सगळं दालनच बोलू लागलं. साहेबांच्या हातात माईक होता आणि समोर छापील घोषणा होती. त्यांनी कागद उलटा ठेवला.

"या," साहेब म्हणाले, आणि तो शब्द यानाच्या मागोमाग निघाला.