इमानाचा ठसा

ठसा धरणाऱ्याची बोटं हातोडा मारणाऱ्याच्या भरवशावर असतात. रोमच्या टांकसाळीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि ठसा धरणाऱ्या फिलेतुस शहाण्याने नेमका आपल्याच हातोडेवाल्याच्या, ड्रोमोच्या पाठीत खंजीर खुपसला होता.

ड्रोमोला यंदाच्या सणाला गुलामीतून सोडायचं ठरलं होतं. फिलेतुसने मुकादमाचे कान भरले, की हा अंगरख्यात काशाचे तुकडे लपवून नेतो. साफ खोटं. ड्रोमोला फटके बसले, सुटका रद्द झाली. त्याच्या जागी फिलेतुसलाही कुणी सोडलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिला ठसा.

ठसा होता फिदेसचा. ही इमानाची देवी. एका हातात कणसं, दुसऱ्यात फळांचं ताट. ऐरणीवर काशाची तापलेली चकती पडली, की फिलेतुस तिच्यावर ठसा उभा धरायचा. पूर्वी गाणं म्हणत ठोकणारा ड्रोमो आता हातोडा वर नेऊन थांबायचा आणि फिलेतुसच्या बोटांकडे बघायचा. मग घाव बरोबर ठशावर.

"काहीतरी बोल रे," फिलेतुस म्हणाला. "शिव्या तरी दे."

"नीट धर."

दुपारपर्यंत फिलेतुस घामाने निथळला. शेवटी ऐन घावाला त्याचा हात मागे सरलाच. ठसा सरकला आणि नाण्यावरच्या देवीला दोन तोंडं आली.

मुकादम धावून आला. "ही कुणाची करामत?"

"माझी! हात थरथरतो माझा," फिलेतुस घाईघाईने म्हणाला. "मला भट्टीवर पाठवा, मुकादम. पाया पडतो तुमच्या." भट्टीवर कातडी भाजते, पण बोटं तर राहतात.

"खोटं बोलतोय तो," ड्रोमो शांतपणे म्हणाला. "मला वाचवायला बघतोय. घाव माझाच तिरका पडला. फटके मला द्या, पण आमची जोडी मोडू नका. याच्यासारखा पक्का हात दुसऱ्या कुणाचा नाही."

मुकादमाला गहिवरून आलं. "बघा रे, याला म्हणतात इमान! नाही मोडत तुमची जोडी. फटके संध्याकाळी."

तो गेल्यावर फिलेतुस ड्रोमोकडे वळला. "का रे असं केलंस? आधीचे वळ अजून ओले आहेत तुझे."

"बोटं काय, एका घावात जातील," ड्रोमो म्हणाला. "मला तू रोज इथे हवायस." त्याने नवी चकती ऐरणीवर सरकवली आणि हातोडा वर नेला. "धर, लेका."

फिलेतुसने ठसा धरला.