विरोधाची तालीम

सत्तावीस वर्षं गाव सुंदररावांच्या हातात होतं, आणि हे अगदी शब्दशः खरं होतं. ग्रामसभेत ते ठरावाला हात वर करायचे, की पाठोपाठ सगळ्या गावाचे हात वर. पद महिला राखीव झालं तेव्हा त्यांची बायको सरपंच झाली, पण हात तेच वर करायचे.

या खेपेला मात्र कपडे शिवणारी फरीदा सरपंच झाली आणि तिच्या पॅनेलचे नऊच्या नऊ सदस्यही निवडून आले. तेव्हापासून तिला चैन नव्हतं. शिवताना चुकून ब्लाऊजला तिसरी बाही लावायची वेळ आली होती. तिनं शब्द दिला होता: पहिल्याच ग्रामसभेत खालच्या गल्लीच्या नळाचा ठराव. तिथल्या बाया अजून हायवे ओलांडून पाणी आणत होत्या. त्यात तिची सासूही.

सभेला चार दिवस उरले असताना शहादेव आला. तो नवा सदस्य. स्पर्धा परीक्षेला सहा वेळा बसल्यामुळं राज्यघटना त्याला तोंडपाठ होती.

"ताई, घोळ झालाय. आपल्याला विरोधकच न्हाई. मग सुंदरराव काय अन् आपण काय, सारखेच."

"आता विरोधक कुठून आणू?"

"गावात सध्या एकच माणूस रिकामा हाय."

सुंदरराव ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"काका, सभेला या अन् नळाच्या ठरावाला विरोध करा," फरीदा म्हणाली.

"कावून? ठराव तर चांगला हाय."

"चांगलाच हाय. पण कुणीतरी न्हाई म्हणाय पायजे."

"मला न्हाई जमायचं, पोरी. मला जल्मात कुणी विरोध केला न्हाई. मी बघून शिकणार तरी कुणाचं?"

मग तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी सुंदरराव "माझा विरोध हाय" म्हणाले आणि लगेच माफी मागून बसले. दुसऱ्या दिवशी विरोध करून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. तिसऱ्या दिवशी मात्र असे ताठ उभे राहिले, की शहादेवाचे डोळे भरून आले.

सभेत ग्रामसेवकानं ठराव वाचला. फरीदानं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं, की बोट निळं पडलं.

"कुणाचा विरोध?" तिनं विचारलं.

सुंदरराव उठले. हात वर केला. "माझा विरोध हाय."

एक अक्षर चुकलं नाही. फरीदाला बरं वाटलं, आणि तेवढ्यात सगळ्या गावाचे हात वर गेले. खालच्या गल्लीतल्या बायांचे. सासूचा. शहादेवाचा तर राज्यघटनेसकट.

ग्रामसेवकानं शांतपणे मोजलं. "हजर दोनशे अकरा. विरोधात दोनशे अकरा. ठराव नामंजूर."

"दोनशे दहा," फरीदा म्हणाली. "मी कशाला विरोध करू?"

ग्रामसेवकानं पेनानं तिच्या डोक्याच्या वर दाखवलं. फरीदानं पाहिलं. हात तिचाच होता. तिनं तो खाली ओढून पाहिला, येईना.

सुंदरराव तसेच ताठ उभे होते, कुणी शाबासकी देईल म्हणून तिच्याकडं बघत.

"काका," ती हळूच म्हणाली, "आधी तुमी हात खाली घ्या. माझा दुखायलाय."