टाकीत नदीचं पाणी

मोबाईलवर रिपोर्ट वाचला आणि सुलक्षणाचं डोकं सणकलं. वडगाव रासाईत, घरामागच्या टाक्यांत ती वर्षभर स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवत होती, त्यातून मिठाईला लागणारी निळी भुकटी काढत होती. तो रंग काही वाईट नव्हे. पण टाकीत बाहेरचं शेवाळ शिरलं, तर त्याचं विष भुकटीत उतरतं आणि लिव्हरवर जातं. म्हणून बोअरशिवाय थेंब चालणार नाही, असं तिनं घरात सतरांदा बजावलेलं. आणि नेमकं तेच विष या महिन्याच्या भुकटीत सापडल्याचं प्रयोगशाळेनं कळवलं होतं.

दारात वरवंडच्या मिठाईवाल्याचा टेम्पो उभा. सासरे पोपटराव स्वतः डबे चढवत होते.

“मामा, उतरवा ते डबे. टाकीत कसलं पाणी सोडलं?”

“नदीचं. बोअर आटला, नदीवरची मोटार चालूच व्हती. म्हटलं, उसाबरोबर टाकी पण भरंल.”

“उन्हाळ्यात हिरवी साय धरलेलं पाणी? म्हशीला तरी पाजता का ते?”

“आगं, शेवाळात शेवाळ मिसळलं, काय बिघडलं? रंग बघ की कसला उतरलाय.”

रंग खरंच झकास उतरला होता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. या माणसानं महिनाभराची मेहनत मातीत घातली, आणि वर तोंड करून विचारतोय काय बिघडलं! ती टेम्पोत चढली आणि एकेक डबा खाली फेकू लागली. ड्रायव्हर बघतच राहिला.

पोपटराव तडकले. “मिठाईवाल्याला शब्द दिलाय मी. आन् नैसर्गिक हाय, नैसर्गिक हाय, असं तूच सांगत फिरतीस ना?”

“धोतरा पण नैसर्गिकच हाय. लोकांच्या पोरांना बर्फीतनं चारायला निघालाय, आपल्या ज्ञानेश्वरीला द्याल का?”

“द्याल का म्हंजी? आठ दिवस झालं, रोज दुधात चमचा घालून देतोय. निळं दूध आवडीनं पिती पोर.”

चार दिवस ज्ञानेश्वरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. ऊन लागलं असेल म्हणून सुलक्षणा तिला लिंबूपाणी पाजत होती.

ती खाली उतरली, घरात गेली, निजलेल्या लेकीला उचलून बाहेर आली. पोपटराव तिथंच उभे होते, तोंड उतरलेलं.

“बसा टेम्पोत,” ती म्हणाली. “शिरूरच्या डॉक्टरला मी न्हाई सांगणार. किती चमचे घातले, ते तुमच्या तोंडानं सांगा.”