हा कितवा शेवटचा?

मी एक हिरवा लोखंडी डबा, साबणाच्या वडीहून थोडा मोठा. आजवर तोंड उघडलं ते दुसऱ्याचं म्हणून दाखवायला. आज जरा स्वतःचं सांगतोय.

गिटारची तार छेडली की तो आवाज वायरीतून माझ्या पोटात येतो. मी तो पुढे स्पीकरकडे पाठवतो, पण एकदा पाठवून गप्प बसत नाही. दरीत हाक मारावी तसा तोच सूर हळू, आणखी हळू म्हणत राहतो. वाजवणाऱ्याने पायाने बटण दाबलं की मी जागा, पुन्हा दाबलं की झोपलो. आमच्या जातीला पेडल म्हणतात.

माझा जन्म एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर झाला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मेहुण्याने पिच्छा पुरवला म्हणून त्याने माझ्यासारखे चार-पाच डबे जोडले आणि घराच्या दाराला लावून उरलेला रंग आमच्या अंगावर फासला. मेहुण्याची हौस लवकरच फिटली. मी एका वाद्यांच्या दुकानाच्या काचेमागे जाऊन बसलो, आणि तिथे चष्मेवाल्यांच्या नजरेला पडलो.

त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एकामागून एक भिंगं धरायची आणि विचारायचं, “हे बरं, की आधीचं?” घरी आले की तोच प्रश्न स्वतःच्या कानांना. मागच्या खोलीत माझ्यासारख्यांनी फळ्या भरल्या होत्या. खाली तीन स्पीकर, कोपऱ्यात गिटारी, आणि वायरींचा असा गुंता की त्यात पाय अडकून चष्मेवाले स्वतःच दोनदा आपटले होते.

नवं खोकं आलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ते कात्रीने अगदी हलक्या हाताने उघडायचे, आतला वास घ्यायचे, फोटो काढायचे. मग दोन सूर वाजवायचे, बटण पिळायचे, पुन्हा तेच दोन सूर. तिसऱ्या सुरापर्यंत गाडी क्वचितच जायची. मनात कुठला तरी एक आवाज घर करून होता आणि तो कुठल्याच डब्यात सापडत नव्हता.

“हा शेवटचा,” मला घरी आणलं तेव्हा ते बायकोला म्हणाले.

“हा कितवा शेवटचा?” तिने विचारलं आणि ती हसत आत गेली. भांडण नव्हतंच. तिचं म्हणणं एवढंच होतं, की माणूस रोज खोलीत जातो पण खोलीतून गाणं काही बाहेर येत नाही.

माझं कौतुक आठवडाभर चाललं. मग एक निळा पाहुणा आला आणि माझी रवानगी खणात झाली. खणात आम्ही बरेच जण होतो. अंधार होता, पण त्याहून वाईट होती ती शांतता.

मग चष्मेवाल्यांच्या सासूबाई राहायला येणार असं ठरलं. गुडघ्याने असहकार पुकारला होता, एकटीने राहणं जमत नव्हतं. त्यांना खोली द्यायची तर आमच्यातल्या निम्म्यांना तरी घर सोडावं लागणार होतं. चष्मेवाले दोन दिवस फळ्यांपुढे उभे राहून सुस्कारे सोडत होते. पहिला नंबर माझाच लागला. माझा रंग बाकीच्यांत विजोड दिसतो, हे कारण.

मला विकत घ्यायला आल्या त्या पोहायला शिकवणाऱ्या कोचबाई. खणखणीत आवाज, ओले केस, अंगाला तलावाच्या औषधाचा वास. चष्मेवाल्यांनी उत्साहाने विचारलं, तुमच्याकडे आणखी काय काय आहे? एक गिटार आणि एक छोटा स्पीकर, त्या म्हणाल्या. आणि? आणि काही नाही. चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे अशा मायेने पाहिलं, जणू बाईंच्या घरात चूल पेटत नसावी.

कोचबाईंनी पहिल्याच संध्याकाळी माझी बटणं फिरवून पाहिली, एक जागा त्यांना पटली, आणि तिथे त्यांनी नेलपॉलिशचे ठिपके देऊन टाकले. संपलं. माझ्यात खोड होती, तार जोरात ओढली की मी किंचाळायचो. त्यांनी मला बदललं नाही, बोट हलकं केलं. दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडणाऱ्या या बाई संध्याकाळी इतकं हळुवार वाजवायच्या की मलाही जपून बोलावंसं वाटायचं. आमचं जमलं.

शनिवारी त्या एका कॉफीच्या दुकानात वाजवायच्या. एकदा तिथे चष्मेवाले आले, सोबत बायको आणि सासूबाई. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांचा कप ओठांपाशीच थांबला. गाणं संपताच ते तडक पुढे येऊन म्हणाले, की हाच तो आवाज, मी किती वर्षं शोधतोय. कशातून येतो हा?

“तुमच्याकडूनच नेलाय,” कोचबाई म्हणाल्या आणि पायाशी बोट दाखवलं.

चष्मेवाले खाली वाकले. मला ओळखलं. मागे त्यांची बायको तोंडाला रुमाल लावून हसत होती. त्यांनी तिथल्या तिथे दुप्पट किंमत देऊ केली. पुन्हा तो खण?

कोचबाईंनी मान हलवली. विकायचा नाही, म्हणाल्या, पण वाजवा की. आणि स्वतःची गिटार त्यांच्या हातात दिली.

चष्मेवाल्यांनी दोन सूर वाजवले. तो आवाज आला नाही. बटणं तीच, तार तीच, मी तोच. बोटं मात्र त्यांची होती. त्यांचा हात सवयीने माझ्या बटणाकडे निघाला. तेवढ्यात सासूबाई टेबलावरून म्हणाल्या, “जावईबापू, ते राहू दे. तुम्ही पुढचं वाजवा.”

ते थबकले. कान लाल झाले. मग त्यांनी तिसरा सूर लावला, चौथा लावला. मध्ये चुकले, मी ती चूकही इमानदारीने तीनदा म्हटली, दुकान हसलं, तेही हसले आणि पुढे गेले. वाजवणं जाडंभरडं होतं, कोचबाईंसारखं मुळीच नव्हतं. पण गाणं शेवटापर्यंत पोहोचलं. त्यांची बायको आता हसत नव्हती. रुमाल डोळ्यांकडे गेला होता.

पुढचं मला ऐकून ठाऊक आहे. त्यांनी सासूबाईंना बसवून एकेक पेडल वाजवून दाखवलं, यातलं एक निवडा म्हणून. सासूबाईंना सगळीच छान वाटली. शेवटी वैतागून चष्मेवाल्यांनी जे जोडलेलं होतं तेच ठेवलं, ते निळं. बाकीची ज्यांना वाजवायची होती त्यांच्याकडे गेली. पुरते सुधारले म्हणता येणार नाही. मध्ये एक लालचुटूक काहीतरी आलंच. पण आता रविवारी ते गिटार घेऊन कोचबाईंकडे येतात आणि मी नि निळा शेजारी शेजारी बसतो. मागच्या खेपेला त्यांनी फोनवर कुठल्याशा नव्या पेडलचा फोटो दाखवला. छान आहे, कोचबाई म्हणाल्या. हो ना, म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला आणि विचारलं, “कुठून सुरू करायचं?”

माझा रंग आता कोपऱ्यांवर उडालाय, बटण कधी कधी दोनदा दाबावं लागतं. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या खणात माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर त्याला बाहेर काढा. वाजवा, नाहीतर वाजवणाऱ्याला देऊन टाका. आम्हाला चांगलं-वाईट कळत नाही. वाजलो की आम्ही खूश.

बरं, येतो. बाईंचा पाय खाली येतोय.