भिमाजीच्या नावातलं एक अक्षर

मंचरला हायवेलगत गोरखचा रेकॉर्डिंगचा धंदा होता. तो स्टुडिओ म्हणायचा. प्रत्यक्षात एक गाळा, भिंतींना ठोकलेल्या गोधड्या आणि एक कॉम्प्युटर. ट्रक गेला की रेकॉर्डिंग थांबायचं. पण आवाजाच्या कापाकापीत त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात डोंगराकडचा सोमाजी त्याच्याकडे आला. पिशवीतून त्याने फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट काढली. त्याची बायको सोनीबाई गावातल्या प्रत्येक लग्नात हळदीची गाणी म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा आवाज उरला तो एवढाच, गावातल्याच भिमाजीच्या मुलीच्या हळदीत कुणीतरी टेपवर भरलेला.

"परवा आमच्या रुपालीची हळद हाये," सोमाजी म्हणाला. "आईच्या गाण्यात तिला हळद लागावी, एवढंच मागणं हाये. पन त्यात नाव भिमाजीचं. पोरगी माजी आन नाव दुसऱ्याचं, कसं चालंल?"

"बसा बाबा, आत्ता करतो."

गोरखने गाणं कॉम्प्युटरवर घेतलं. 'हळद लागली गं, भिमाजीच्या लेकीला.' तो मनातल्या मनात हसला. भिमाजी आणि सोमाजी, फरक एका अक्षराचा! पुढच्याच ओळीत 'सोन्याच्या पाटावर' होतं. त्यातला 'सो' त्याने उचलला, 'भि'च्या जागी बसवला, सांधा गुळगुळीत केला आणि मोठ्या ऐटीत सोमाजीच्या कानाला हेडफोन लावला.

'हळद लागली गं, सोमाजीच्या लेकीला.'

सोमाजी दचकला. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ही ती न्हाई," तो म्हणाला. "लग्नात उखान्यात घेतलं आसंल तेवढंच. त्यानंतर एकतीस वर्सं तिनं माजं नाव घेतलं न्हाई. रेशनवाल्यानं इचारलं तरी पोरीला म्हनायची, तू सांग. आन आता मेल्यावर तिच्या तोंडी घालता व्हय?"

गोरखचं तोंड एवढंसं झालं. गावी पिंपरी पेंढारला त्याच्या आईनेही नवऱ्याला 'अवो' म्हणतच जन्म काढला होता. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याची त्याला लाज वाटली.

"मग रुपालीच्या हळदीला त्या काय म्हनल्या असत्या, बाबा?"

"आपल्या पोरीला काय म्हननार? 'माज्या लेकीला'. दुसरं काय!"

'माज्या' शोधायला गोरखने कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या. तो शब्द कुठेच नव्हता. बाईने गायल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्याच लेकी.

हार मानून तो मूळच्या पहिल्या ओळीकडे आला. नाव त्याने ताणून मोठं केलं आणि तुकड्या तुकड्याने ऐकू लागला. भि. माजी. च्या. त्याचा हात थांबला. 'सो' काढून टाकला होताच, आता 'भि'ही काढला. 'च्या'मधला 'च' तेवढा अलगद खरवडला. नवं काहीच घातलं नाही.

'हळद लागली गं, माजीया लेकीला.'

सोमाजी ऐकत राहिला. मग त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला आणि तो ढसाढसा रडला. गोरखचेही डोळे भरून आले.

"हीच ती," सोमाजी म्हणाला. "भिमाजीच्या पोरीला गातानाबी हे तिच्या तोंडात व्हतं, राव. आमीच आइकलं न्हाई."