शनिवारी सौना तापवावी का

हिल्का राटिकाइनेन यांच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही. दोनच पानांचं पत्र, रेघांच्या वहीतून फाडलेलं, आणि शेवटी एक साधा प्रश्न. पाच मिनिटांत उत्तर देता आलं असतं. मी ते दोनदा वाचलं आणि टेबलावरच्या एका जाड पुस्तकात ठेवून दिलं.

विद्यापीठातलं आमचं ऊर्जा संशोधन केंद्र तेव्हा नुकतंच नावारूपाला येत होतं. प्रमुख मी, म्हणजे दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून मी. एका गावातल्या साठ घरांत आम्ही यंत्रणा बसवली होती. आमच्याकडे विजेचा भाव तासागणिक बदलतो; वीज महागली की ती घरातले हीटर कमी करायची, स्वस्त झाली की वाढवायची. घर पुरेसं उबदार आहे की नाही, हे तिला भिंतीवरच्या थर्मामीटरवरून कळायचं. एकोणीस टक्के वीज वाचली. वर्तमानपत्रांत आकडा आला, माझा फोटोही आला. फोटोत मी बुटांकडे बघतोय.

हिल्काबाईंनी लिहिलं होतं, "माननीय प्राध्यापक, आपलं यंत्र चांगलंच असणार. पण शनिवारी सौना तापवली की आमची निजायची खोली गार पडते. रविवारी सकाळी तिथे तेरा अंश असतात. माझा नवरा आर्वो लोकरी टोपी घालून झोपतो. आमच्या सौनेनं यंत्राला त्रास होत असेल तर ती बंद ठेवू. तापवावी की नाही, तेवढं कृपया कळवावं." खाली अकरा रविवारांचं तापमान, तारखांसकट.

वाचताक्षणी मला चूक कळली होती. वायरमननं विचारलं होतं, थर्मामीटर कुठे लावू? निजायच्या खोलीत, असं म्हणायला हवं होतं. पण साठ घरांत जाऊन परक्यांची निजायची खोली उघडायला सांगायचं, या कल्पनेनंच मला घाम फुटला. "तुला सोपं पडेल तिथे लाव," मी म्हणालो. त्याला सोपी पडली ती मागच्या दारापाशी, बर्फाचे बूट न काढता पोचता येईल अशी जागा. म्हणजे सौनेला, घरातल्या वाफेच्या न्हाणीला, लागून असलेली कपडे बदलायची खोली. शनिवारी अंघोळी झाल्या की सौना वाळावी म्हणून दार उघडं टाकतात. ती ऊब त्या खोलीत भरायची, सगळं घर उबदार आहे असं यंत्रणेला वाटायचं, आणि बाकीचे हीटर बंद. मी स्वतः जन्मभर दर शनिवारी सौनेत बसत आलोय. मला हे सुचू नये?

गेल्या सोमवारी मी सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालत होतो. गुरुवारी शेजारच्या शहराशी करार व्हायचा होता: अठराशे घरं, तीच यंत्रणा, थर्मामीटर तिथेच, आणि निदान पंधरा टक्के बचतीची लेखी हमी. जूनमध्ये मी निवृत्त होणार, माझी सहकारी मार्युत ओल्लिला माझ्या जागी प्रमुख होणार. कॉफी ओतली, गार केली, पुन्हा ओतली. शेवटी चार वर्षं टाळलेलं काम केलं. शनिवार-रविवार वगळून हिशेब मांडला. तेरा टक्के, हमीपेक्षाही कमी; वरची सगळी बचत गारठलेल्या खोल्यांची होती.

मग हिल्काबाईंच्या घराचे आकडे उघडले. सौना तापली की विजेच्या आलेखात टेकडी उठते. त्या वर्षी मार्चमध्ये पत्र आलं, तोवर दर शनिवारी टेकडी होती. पत्रानंतर आणखी पाच शनिवार होती. मग सपाट. चार वर्षं सपाट. बाई माझ्या उत्तराची पाच आठवडे वाट बघत होत्या, आणि मग त्यांनी सौना बंद केली होती.

मी मार्युतला हाक मारली. तिनं उभ्याउभ्याच पत्र वाचलं, मग आकडे पाहिले.

"हे कुठे होतं?"

"पुस्तकात."

"फुलं ठेवतात पुस्तकात, तौनो. पत्रं नाही." ती खुर्चीत बसली. "चार वर्षं! आणि मी मूर्खासारखी गावोगाव एकोणीस, एकोणीस करत फिरतेय. मला तरी सांगायचंस."

"सांगणार होतो."

"तू पाव घ्यायलासुद्धा दुकान रिकामं व्हायची वाट बघतोस. तू कधी सांगणार?"

तिनं संगणक पुढे ओढला. "साठ घरांचं शनिवारचं नियंत्रण आत्ता बंद करते. हे बघ, केलं. त्या बाईंना पत्र लिही, नीट माफी माग." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "पण शुक्रवारी टाक."

"म्हणजे सही झाल्यावर?"

"थर्मामीटर आपण नंतर हलवू. यंत्र काही वाईट नाही. गुरुवारी तोंड उघडलंस तर करार गेला, आणि उन्हाळ्यानंतर केंद्रातल्या पाच पोरांना पगार कुठून देऊ? तू तर तोवर तळ्याकाठी मासे पकडत बसशील."

"मला मासे पकडता येत नाहीत."

"तेही नाही," ती म्हणाली, आणि हसली नाही.

तिचं म्हणणं चूक होतं असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती पाच मुलं रोज माझ्या दारावरून जातात. पण मी स्वतःला ओळखतो. शुक्रवारी मला दुसरं एखादं जाड पुस्तक सापडलं असतं.

त्याच दुपारी पत्राचे सहा खर्डे केले. पहिल्यात तापमान नियंत्रणावर दीड पान होतं, फाडलं. सहावा असा: "माननीय हिल्काबाई, आपले आकडे बरोबर होते. थर्मामीटर चुकीच्या जागी लावला, ती चूक माझी. आपलं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं आणि कळलंही होतं. खरी बचत तेरा टक्के आहे. गुरुवारी शहराच्या सभेत मी हे सांगणार आहे. सौना कधीच बंद ठेवायला नको होती. शनिवारी जरूर तापवा. तौनो किवेकास." आर्वोबद्दल विचारावंसं वाटलं, पण चार वर्षांत काय झालं असेल कुणास ठाऊक. नाव लिहून खोडण्यापेक्षा लिहिलंच नाही.

बाहेर रस्त्यावरच्या बर्फावर खडी पसरलेली, तरी पाय घसरत होते. नारिंगी टपालपेटीपाशी पोचलो आणि पुढे निघून गेलो. चौकातून परत आलो. पेटीवर लिहिलं होतं, टपाल चार वाजता निघतं. चारला दहा मिनिटं होती. उद्या नाही तर परवा पत्र पोचेल. हिल्काबाई ते गावच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी मोठ्यानं वाचतील, आणि त्या टेबलावरची बातमी शहरात जायला अर्धा दिवस पुरतो. मग गुरुवारी मला गप्प राहायची सोयच उरणार नाही.

"टाकताय का?" मागून एका बाईनं विचारलं. तिच्या हातात दोन पाकिटं होती. "नाहीतर जरा बाजूला व्हा."

"टाकतोय," मी म्हणालो, आणि टाकलं.