तीनदा विचारा

या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही, ही पैज! बसलाच, तर सांगणाऱ्याची टोपी याच सुपाच्या पातेल्यात बुडवा. मंडळी, वाडगी पुढ्यात ओढा, पाव बुडवा आणि ऐका. मागच्या बाकावर कोण बसलंय तिकडे वळून बघू नका, लक्ष इकडे.

फॉल रिव्हरमध्ये तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजायचे. पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून आलेली आपली माणसं भोंग्यावर उठायची, भोंग्यावर जेवायची आणि भोंग्यावरच भांडायची. टेकडीवरच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची इल्दा फुर्तादो. उंची पावणेपाच फूट, पण आवाज असा की तिने वर्गात ‘बसा’ म्हटलं की खालच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा बसत. नऊ वर्षं गिरणीत सूत गुंडाळता गुंडाळता शिकून ती शाळेतली बाई झालेली. शाळा सुटली की तिची दुसरी शाळा भरायची. एकीला डॉक्टरकडे ने, दुसऱ्याला घरमालकाचं पत्र वाचून दाखव, तिसरीच्या बाळंतपणाला कोंबडीचं सूप पोचव. बोस्टनच्या एका बड्या शाळेने तिला दोनदा बोलावलं. “आणि इथे माझ्या पोरांची नाकं कोण पुसणार?” म्हणाली, आणि गेली नाही ती नाहीच.

अशा बाईच्या वर्गावर एका सोमवारी वीज कोसळली. वरच्या कचेरीतून परीक्षक आले. नाव मिस्टर क्रेन. सदऱ्याला इस्त्री, पँटला इस्त्री, चेहऱ्यालाही इस्त्री. सोबत आपली भाषा बोलणारा दुभाषाही होता, म्हणजे कुणाला सबब नको. एकेका मुलाला बंद खोलीत नेलं, समोर खेळणी मांडली. अस्वल घेशील? चित्रात काय आहे ते सांगशील? दुपारी निकाल लागला. तेरा मुलं मंद! तेराही आपलीच. तेराही तळघरातल्या वर्गात जाणार. तिथे गेलेली पोरं मिशा फुटेपर्यंत मणी ओवत बसायची. फक्त आईबापांच्या सह्या बाकी होत्या, त्या बुधवारी.

तेरांत एक होती लेओंतिना. वय पाच. गोष्टीतल्या बोकडाचं नाव बाई चुकल्या, तर बाईंना टोकणारी पोर! इल्दाने तिला मांडीवर घेतलं.

“अस्वल ओळखलं नाहीस गं?”

“ओळखलं की. एक कान उसवला होता त्याचा. मला फार आवडलं.”

“मग घेतलं का नाहीस?”

लेओंतिनाने बाईकडे असं पाहिलं, की जणू मंद असेल तर बाईच. “ते एकदाच म्हणाले, सेन्योरा!”

इल्दाने कपाळावर हात मारून घेतला. आता तुम्हाला काय सांगायचं! परक्याच्या पहिल्या शब्दाला काही घेतलं किंवा पोपटासारखं बोलून दाखवलं, तर घरी गेल्यावर आईने कान धरलाच म्हणून समजा. पहिल्यांदा ‘नको’. दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच’. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं, तेही खाली बघून. पोरं अकलेने नापास झाली नव्हती, संस्काराने नापास झाली होती!

ती तडक क्रेनसाहेबांपुढे उभी राहिली. “तीनदा विचारा.”

“पुस्तकात एकदाच विचारायचं लिहिलंय.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला आई नव्हती का?”

साहेबांनी फाइल बंद केली.

मंगळवारी याच सभागृहात तिने सगळे आईबाप गोळा केले. लेओंतिनाचा बाप ऑरेलिओ हा मोठा देखणा आणि शूर गृहस्थ. त्या दिवशी त्याला जरा सर्दी झाली होती, म्हणून आवाज बारीक येत होता एवढंच.

“दोना इल्दा, जाऊ द्या ना,” तो म्हणाला. “आपण इथे पाहुणे. पाहुण्याने घरधन्याशी हुज्जत घालू नये.”

“पाहुणा? अरे, पाहुण्याला चौथ्या दिवशी भांडी घासायला लावतात! तू अकरा वर्षं यांच्या चादरी विणतोयस. हे गाव तुझ्या कापडावर झोपतं. पाहुणा कसला रे तू?”

“पण ते शिकलेले लोक...”

“म्हणूनच त्यांना शिकवणं सोपं जाईल!”

सगळे हसले. पण हसून झाल्यावर माना पुन्हा खाली गेल्या, आणि ते पाहून मात्र इल्दा पेटली.

“ऐका! पोरं ‘नको’ म्हणाली ते त्यांना शोभलं. उद्या तुम्ही माना डोलावून सह्या कराल ते शोभणार नाही. सौजन्य वेगळं, भीती वेगळी. ताटातल्या पावाला तीनदा नको म्हणा, हक्काला एकदाही म्हणू नका! माझी तेरा पोरं त्या तळघरात जायची असतील, तर पायरीवर आधी मी आडवी पडेन. मला ओलांडून जा.”

कोपऱ्यातून ऑरेलिओची बायको झुल्मीरा एवढंच म्हणाली, “उद्या येताना गोड पाव आणू?”

इल्दाने तिच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे लकाकले. “आण. मोठा आण.”

तो पाव एवढा मोठा झाला की चौघांनी खांद्यावरून आणला, आणि शाळेच्या दारातून जाईना म्हणून चौकट काढावी लागली. हसू नका! त्याच्या वासाने नदीपलीकडच्या गिरणीतले माग तीन मिनिटं बंद पडले होते.

बुधवारी टेबलावर तेरा कागद, एक पेन. क्रेनसाहेबांची नजर कागदावर कमी, पावावर जास्त. इल्दाने जाडजूड तुकडा कापला, बशीत घातला, बशी त्यांच्यापुढे धरली.

“घेणार, साहेब?”

“नको, आभारी आहे,” साहेब आवंढा गिळत म्हणाले.

इल्दाने बशी झटकन मागे घेतली, खिशातून वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, “मिस्टर क्रेन. वय अंदाजे पन्नास. पाव ओळखता आला नाही. शेरा: मंद. वर्ग: तळघर!”

“हा काय प्रकार आहे!” साहेब उसळले. “मी फक्त सभ्यपणाने नको म्हटलं!”

“मुलांनीही!”

एकच शब्द! साहेबांची इस्त्री पहिल्यांदा मोडली. तरी हट्टी माणूस, पेन पुढे सरकवत म्हणाले, “आधी सह्या.” आणि तेव्हा, मंडळी, ऑरेलिओ उठला! सिंहासारखी डरकाळी फोडली, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि त्याने लेओंतिनाचा कागद साहेबांच्या नाकासमोर टराटरा फाडला! मग एकामागून एक बाराही घरं उभी राहिली. “सही नाही! पुन्हा परीक्षा घ्या! दार उघडं ठेवून!”

परीक्षा झाली. त्याच खोलीत, त्याच खेळण्यांनिशी, फक्त तीनदा विचारून. तेराच्या तेरा पास! लेओंतिनाने तिसऱ्या वेळी खाली बघत अस्वल घेतलं आणि विचारलं, “सुई आहे का? कान शिवते.” त्या दिवसापासून ते तळघर कोळसा ठेवायला वापरतात.

तर बंधूंनो, भगिनींनो, गोष्टीचं सार हे. गप्प बसलेल्या मुलाला मूर्ख म्हणण्याआधी त्याच्या घरची रीत विचारा, एकदा नाही, तीनदा! आणि आपण मोठ्यांनी लक्षात ठेवावं, की ज्या गावात आपला घाम पडला तिथे आपण पाहुणे नव्हे. मान ताठ ठेवा! त्या दिवशी ऑरेलिओ सगळ्यांच्या आधी उठला नसता, तर आज...

“खोटं!”

मागच्या बाकावर काठी आपटली. एक्याऐंशी वर्षांच्या दोना इल्दा उभ्या होत्या. आवाज तोच. दाराशी एक कुत्रं चटकन बसलं.

“सगळ्यांच्या आधी झुल्मीरा उठली. कागद तिने फाडला, तुझ्या हाताखालून ओढून. तू सही करत होतास, ऑरेलिओ! अर्धं नाव लिहूनही झालं होतं तुझं. तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे, दाखवू? एकदाच विचारते!”